दुसरा जोड

आमच्या हमदानात दारातून आत जाणं सोपं नाही. दोन भले गृहस्थ उंबऱ्यापाशी समोरासमोर आले की झालंच. ‘आधी तुम्ही.’ ‘छे छे, तुमच्याआधी मी? पाय झडेल माझा.’ आत ताटातलं मटण निवून त्यावर चरबीची साय धरते, तरी हे दोघे उंबऱ्यावरच. टॅक्सीवाला म्हणतो, पैसे राहू द्या हो, तुमच्यापुढे पैशाचं काय! आणि खरंच कुणी खिशात हात न घालता उतरला, तर मागून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. याला आम्ही तआरुफ म्हणतो. बाहेरच्यांना हे ढोंग वाटतं. वाटू दे. या ढोंगात पुष्कळ माया असते आणि तिच्याशिवाय आमच्या घराघरांत डोकी फुटली असती.

पण डोंगराला तआरुफ कळत नाही. शहराच्या डोक्यावर उभ्या अलवंदवर जाणाऱ्यांनी हे एवढं एक ध्यानात ठेवलं तरी पुरे, असं उस्ताद नुसरत प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. डोंगरावर तहान लागली की तहान लागली म्हणा, पाय दुखला की दुखला म्हणा. इथे लाजलात की मेलात.

हे सांगणारे उस्ताद स्वतः लालजीन गावचे कुंभार. सत्तरीला टेकलेले, काडीसारखे किडकिडीत, पण चाकावर बसले की बघत राहावं. उजव्या हाताची दोन बोटं सुरईच्या आत, डावा तळवा बाहेरून, आणि मातीची मान अशी वर चढायची की बघणाऱ्याचीही मान नकळत ताठ व्हायची. भांडं चाकावरून उतरवलं की ते बोटं पुसत म्हणायचे, ‘हे काही मी केलं नाही. मी नुसता हात लावला.’ हाही तआरुफच.

माहरुखला डोंगरावर आणलं ते त्यांनीच. ते तिच्या वडिलांचे दोस्त. नवरा गेल्यावर तिने स्वतःला शिवणाच्या दुकानात कोंडून घेतलं होतं. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायचे, संध्याकाळी शटर ओढायचं, कुणाशी बोलायचं नाही. एका शुक्रवारी उस्ताद दुकानापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘पोरी, बूट घाल.’ ती पुष्कळ रडली, भांडली, पण गेली. पुढे कित्येक शुक्रवार गेले आणि आता दर शुक्रवारी डोंगर चढणाऱ्या गटाची पिछाडी तिच्याकडे होती. पिछाडी म्हणजे रांगेतलं शेवटचं माणूस. तिच्यामागे कुणी राहायचं नाही आणि तिच्यापुढच्या प्रत्येकाचा जीव तिच्या डोळ्यांत, असा नियम.

पिछाडीची सगळी विद्याही तिला उस्तादांनीच दिली होती. ‘कसे आहात म्हणून कुणाला विचारू नकोस,’ ते सांगायचे. ‘आपली माणसं मरता मरता म्हणतील, तुमच्या कृपेने उत्तम. विचारू नकोस, करून दाखवायला सांग. अंगठा करंगळीला लावून दाखव म्हणावं. जमलं तर ठीक. नाही जमलं तर माणूस तोंडाने काय वाटेल ते बोलू दे, ऐकायचं नाही.’

त्या शुक्रवारी, भर हिवाळ्यात, पायथ्याला गंजनामेच्या धबधब्याखाली सगळे जमले तेव्हा आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. आघाडीला नेहमीप्रमाणे बेहजाद, शहरातल्या बसगाड्या दुरुस्त करणारा, खांद्याने रुंद आणि बोलायला थोडका. त्याच्याबरोबर त्याच्या बहिणीचा नवाकोरा नवरा आला होता. मुख्तार त्याचं नाव, राहणारा आबादानचा. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात उसनं जाकीट, हातात बायकोने हौसेने घेऊन दिलेले पातळ चामड्याचे हातमोजे.

‘जावईबापू, आबादानला बर्फ फक्त सरबतात असतो ना?’ उस्तादांनी सुरुवात केली.

‘उस्ताद, आमच्याकडे उन्हाळ्यात लोक फुटपाथवर अंडी तळतात,’ मुख्तार म्हणाला. ‘तेवढी उष्णता अंगात साठवून आणलीय. तुमचा डोंगर वितळला तर मला बोल लावू नका.’

‘लागलं आबादानचं पुराण,’ बेहजाद म्हणाला. सगळे हसले.

माहरुखची नजर त्या हातमोज्यांवर गेली. हे बाजारात फिरायला ठीक, वर नाहीत चालायचे, हे तिला तिथेच कळलं. बोलायचं तिच्या ओठांवर आलंही. पण तो पाहुणा, त्यात घरचा नवा जावई, आणि बायकोने दिलेली वस्तू. पहिल्याच भेटीत त्यात खोट काढायची म्हणजे बेहजादच्या बहिणीलाच नावं ठेवल्यासारखं. शिवाय वाटेतल्या मिशानच्या मैदानावरच्या निवाऱ्यापर्यंतच जायचं ठरलं होतं. तिने तोंड मिटलं. तोंड मिटण्याची सवय आम्हाला आईच्या दुधातून लागते.

निवाऱ्यापर्यंत चढ छान झाला. बर्फ टणक, पावलाखाली कुरकुरणारा, कुठे पाय रुतत नव्हता. निवाऱ्याच्या ओट्यावर चहा झाला, कोमाजच्या, म्हणजे गोड पावाच्या, तुकड्यांबरोबर चीज आणि अक्रोड झाले. ऊन इतकं चांगलं पडलं होतं की मुख्तारने विचारलं, ‘एवढंच? आलोच आहोत तर वर त्या डोंगराच्या धारेवर तरी जाऊ.’

बेहजादने शिखराकडे पाहिलं. शिखराच्या पलीकडच्या अंगाला एक पांढरा ढग चिकटला होता, टोपी घातल्यासारखा. हमदानच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे की अलवंदने टोपी घातली की आपण शाल घ्यावी. पण पाहुण्याने मागितलं होतं. ‘धारेपर्यंत,’ बेहजाद म्हणाला. ‘धार आली की पाठ फिरवायची. कुणी हट्ट करायचा नाही.’ उस्तादांनी ढगाकडे बघून नुसतं ‘हूं’ केलं. त्या एका ‘हूं’मध्ये नको होतं, पण ते नको म्हणाले नाहीत.

धारेवर पोचता पोचता वारा सुटला. आधी पायाशी बर्फाचा भुगा पळायला लागला, मग तो गुडघ्यापर्यंत आला, मग ढगाची टोपी एकाएकी खाली ओढली गेली आणि ऊन गेलं. बेहजादने हात वर केला. ‘पाठ फिरवा!’

‘एक फोटो,’ मुख्तार म्हणाला. ‘बायकोला दाखवायला. नाहीतर म्हणेल, तू चहाच्या टपरीवर बसून आलास.’

त्याने उजव्या हातातला मोजा काढून दातात धरला आणि फोन बाहेर काढला. उस्ताद चेष्टेला सोकावलेले. ते ओरडले, ‘नीट काढा जावईबापू! डोंगर लहान आला तरी चालेल, चष्मा मोठा आला पाहिजे!’

मुख्तार हसला. दातात मोजा धरून माणसाने हसू नये. मोजा सुटला, एकदा बर्फावर टेकला आणि दुसऱ्या झोताबरोबर कड्यावरून खाली गेला. मुख्तार त्याच्यामागे धावणार तोच बेहजादने त्याला जाकिटाला धरून मागे खेचलं. ‘मोज्यापायी जीव देतोस काय? पुढे कडा आहे!’

मुख्तारने उघडा हात काखेत दाबला. दोन मिनिटांत त्याच्या ओठांचा रंग बदलला. त्या वाऱ्यात उघड्या कातडीची काय गत होते ती भोगल्याशिवाय समजत नाही. आधी चावतं, मग जळतं, मग काहीच वाटेनासं होतं. त्या काहीच न वाटण्याला भ्यायचं असतं.

उस्तादांनी आपले हातमोजे काढले. इस्मत खानमने, म्हणजे त्यांच्या बायकोने, विणलेले जाड लोकरी मोजे, आतून मेंढीचं कातडं लावलेले. ‘घाला.’

‘अजिबात नाही उस्ताद. मेलो तरी नाही.’

‘मरू नका. तुमची बायको माझ्या नावाने बोटं मोडेल. घाला.’

‘मग तुम्ही काय घालणार?’

‘माझ्याकडे पिशवीत दुसरा जोड आहे,’ उस्ताद म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मुख्तारने हात पुढे केले. आपला उरलेला पातळ मोजा तो त्यांना देऊ लागला, तर ते म्हणाले, ‘हा ठेवा खिशात. संग्रहालयाला देऊ.’

माहरुख मागून पुढे आली. ‘उस्ताद, दुसरा जोड आहे?’

‘आहे म्हटलं ना.’

‘मग घाला ना आत्ताच.’

‘या वाऱ्यात पिशवी उघडू? मोज्यासारखी पिशवीच जायची. खाली आडोसा आला की घालतो. चल, पोरी, माणसं गारठताहेत.’

आता आमच्याकडची रीत अशी की कुणी ‘नको’ म्हटलं तर दोनदा म्हणू द्यायचं आणि तिसऱ्यांदा विचारायचं. खरं उत्तर तिसऱ्यांदा येतं. माहरुखने दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे ‘दाखवा’ म्हणायचं. ‘दाखवा’ म्हणायचं म्हणजे सगळ्यांसमोर, नव्या जावयासमोर, बापाच्या वयाच्या माणसाला खोटा ठरवायचं. आणि जोड नसलाच तर? तर मुख्तार तिथल्या तिथे मोजे काढून परत देणार, उस्ताद घेणार नाहीत, आणि दोघे ‘तुम्ही घाला, तुम्ही घाला’ करत धारेवर गोठणार. हे सगळं तिच्या मनात क्षणभरात येऊन गेलं. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मुख्तारच्या पाठीवर थाप मारून उतरायला लागले. माहरुख त्यांच्या मागे चालू लागली.

उतार सुरू झाला तसं दोन पावलांपलीकडचं काही दिसेना. खाली पांढरं, वर पांढरं, बाजूला पांढरं, उतार कुठे आणि सपाटी कुठे ते पायाला लागल्यावर कळायचं. वाटेवर रोवलेले लोखंडी खांब शोधत बेहजाद एकेक टप्पा पुढे जायचा, खांब सापडला की ओरडायचा, मग बाकीचे हलायचे. प्रत्येकाची नजर पुढच्याच्या पिशवीवर. अशा वेळी घाई करायची नाही, बसायचं नाही, आणि ‘मला वाट माहीत आहे’ असं म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. वाट सगळ्यांनाच माहीत असते, दिसत मात्र कुणालाच नाही.

उस्ताद माहरुखच्या लगेच पुढे होते. त्यांची काठी मनगटाच्या पट्ट्याला लोंबकळत मागे घासत येत होती आणि दोन्ही हात काखेत होते. मधेच निसरडं आलं की ते हात बाहेर काढून काठी धरायचे, दोन पावलं टाकायचे, परत हात काखेत. जोड घातलाय की नाही ते तिला उडत्या बर्फात मागून दिसत नव्हतं. घातला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पहिल्या आडोशाला घातला असेल, मी खांब बघत होते तेव्हा. पण कुठला आडोसा? आडोसा आलाच नव्हता.

‘उस्ताद, ठीक?’ ती ओरडली.

‘उत्तम!’ वाऱ्यातून उत्तर आलं.

आपण काय विचारलं ते तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. जे विचारू नये म्हणून बजावलं होतं, तेच तिने विचारलं होतं, आणि बजावणाऱ्यालाच.

मग काठी पडली. पट्ट्यातून सुटून बर्फावर आडवी झाली, आणि उस्ताद तिच्यावरून पाय टाकून तसेच पुढे गेले. या माणसाने इतक्या वर्षांत काठी कधी टाकली नव्हती. झोपायच्या वेळीही ती उशाला असायची. तिने काठी उचलली आणि पळत जाऊन त्यांचा दंड धरला.

‘उस्ताद, काठी.’

त्यांनी काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘कुणाची?’ जीभ जड झाली होती, शब्द दारू प्यायल्यासारखे ओघळत होते. ‘केवढं उकडतंय गं. हे जाकीट...’ आणि ते हनुवटीने आणि मनगटांनी जाकिटाची चेन खाली ढकलायला लागले.

थंडीने मरायला लागलेल्या माणसाला शेवटी उकडतं. ही गोष्टही तिला त्यांनीच शिकवली होती. तिने शिट्टी काढून जीव खाऊन फुंकली. पुढची रांग थांबली, वळली, आणि शिकवल्याप्रमाणे सगळे त्या दोघांभोवती वाऱ्याला पाठ करून उभे राहिले.

‘उस्ताद, अंगठा करंगळीला लावा.’

‘काय पोरखेळ लावलायस.’

‘लावा म्हणते ना!’

त्यांनी हात बाहेर काढले. दोन्ही हात उघडे होते. बोटं पांढरीफटक, मेणबत्त्यांसारखी, आणि अंगठा करंगळीच्या दिशेने अर्धा जाऊन तिथेच राहिला. कुणीतरी ‘या अल्ला’ म्हणालं.

‘पिशवी द्या,’ माहरुख म्हणाली.

‘कशाला?’

‘दुसरा जोड काढते.’

‘मी काढीन. तू नको.’ त्यांनी कोपरं आवळून पट्टे धरून ठेवले. भान अर्धं गेलेलं, जीभ वळत नव्हती, पण हे एक त्यांना बरोबर उमजत होतं. ते तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, ‘माहरुख. पाहुणा आहे.’

तिला रडू फुटलं. पण हातांनी थांबायचं नाही एवढं तिला कळत होतं. तिने पट्टे हिसकले, पिशवी त्यांच्या पाठीवरून ओरबाडून काढली आणि सगळ्यांसमोर उपडी केली. थर्मास पडला. कोमाजचा उरलेला तुकडा पडला. द्राक्षाच्या काकवीची बाटली पडली. आणि जाड लोकरी पायमोज्यांचा एक कोरडा, घडी केलेला जोड पडला. हातमोजे नव्हते.

पायमोजे हातात चढवता येतात. अगदी छान चढवता येतात, हेही ते नव्या पोरांना सांगत. धारेपासून इथपर्यंत ते त्यांच्या पाठीवरच होते. पण ते काढायला पिशवी उघडावी लागली असती, आणि पिशवी उघडली असती तर मुख्तारला कळलं असतं.

मुख्तारला आता कळलं. त्याने काळा चष्मा काढून फेकला आणि दातांनी हातमोजे ओढायला लागला. ‘हे घ्या, हे घ्या, खुदाच्या वास्ते, मला माहीत नव्हतं...’

‘घालून राहा!’ उस्ताद एकाएकी पूर्वीच्या आवाजात ओरडले. ‘पाहुण्याच्या हातातून काढून घेऊ? माझ्या तोंडाला काळं फासायचं ठरवलंयत काय सगळ्यांनी?’

‘हो, फासते,’ माहरुख म्हणाली. ‘चांगलं थापून फासते. मुख्तार, काढ ते. पायमोजे तू घाल. आणि उस्ताद, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. इथून पुढे मी सांगेन तेच होणार.’

जन्मात ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. रांगेतल्या दोघातिघांनी माना खाली घातल्या, जणू त्यांनीच कुणाचा अपमान पाहिला होता. उस्तादांनी हात पुढे केले. तिने त्यांचे हात चोळले नाहीत, नुसते अलगद त्या लोकरी मोज्यांत सरकवले, जाकीट गळ्यापर्यंत बंद केलं, आपली शाल त्यांच्या डोक्याला बांधली, आणि काकवी कोमट चहात ढवळून घोटघोट पाजली. बेहजादने एक खांदा घेतला, मुख्तारने दुसरा. उस्तादांचे पाय कधी चालत होते, कधी नुसते फरफटत होते. डोळे मिटले की माहरुख मागून ओरडायची. ‘फिरोजी रंगात काय घालतात? सांगा! तांबं किती? भट्टी किती वेळ?’ ते काहीतरी पुटपुटायचे, चुकीचं सांगायचे, आणि ती म्हणायची, ‘चूक! परत सांगा!’

निवारा दिसला नाही. बेहजादचा खांदाच त्याच्या भिंतीवर आपटला.

आत शेगडी पेटली. तिने उस्तादांचे ओले कपडे उतरवून त्यांना कोरड्या पोत्यात, म्हणजे झोपायच्या लोकरी पिशवीत, घातलं आणि दोन्ही बाजूंना दोन माणसं चिकटवून बसवली. बेहजादने फोनवर बचाव पथकाला गाठलं. वादळ ओसरलं की स्ट्रेचर घेऊन येतो, माणसाला निवाऱ्यातून हलवू नका, असं ते म्हणाले. हळूहळू उस्ताद थरथरायला लागले, दात वाजायला लागले. थरथर परत आली म्हणजे जीव परत आला. जीव राहणार होता. आता हात.

बेहजाद बाहेरून टोपलंभर बर्फ घेऊन आला. ‘चोळूया. माझा बाप चोळायचा.’

‘माझाही,’ उस्ताद पोत्यातून म्हणाले. ‘चोळा.’

‘तुमच्या दोघांच्या बापांना माझा सलाम,’ माहरुख म्हणाली. ‘गोठलेली बोटं चोळायची नसतात, शेगडीवरही धरायची नसतात. आत बर्फाच्या काचा झालेल्या असतात, चोळलं तर मांस फाटतं. तो बर्फ पातेल्यात घाल आणि वितळव.’

एक गोष्ट तिने आधी नक्की करून घेतली. परत वाऱ्यात चालायचं नाही. एकदा वितळलेली बोटं पुन्हा गोठली तर ती गेलीच, त्यापेक्षा गोठलेली ठेवून उतरणं बरं. पण आता स्ट्रेचर येणार होतं. तिने पाणी कोमट केलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून बघितलं, आणि उस्तादांचे दोन्ही हात त्यात सोडले.

आता यातना सुरू होणार हे तिला माहीत होतं. रक्त परत यायला लागलं की बोटं पेटतात. भले भले गडी आईच्या नावाने टाहो फोडतात, आणि तो टाहो ऐकून जाणत्यांना बरं वाटतं, कारण किंचाळणारं बोट जिवंत असतं. उस्तादांच्या कपाळावर घाम फुटला. ओठ आवळले गेले. समोर सगळा गट बसला होता, त्यात मुख्तार.

‘काही नाही, काही नाही,’ ते सगळ्यांकडे बघून हसायचा प्रयत्न करत म्हणाले. ‘तुम्हाला उगाच त्रास दिला. चहा घ्या ना सगळ्यांनी. माहरुख, त्यांना चहा दे.’

माहरुखने बेहजादकडे पाहिलं. ‘सगळ्यांना पलीकडच्या खोलीत ने. दार लावून घे.’

एकेक जण उठला. मुख्तार उठेना. तो पुढे सरकून पातेल्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि हमसाहमशी रडायला लागला.

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. ‘जावईबापू,’ ते म्हणाले, ‘फोटो बरा आला का?’

मुख्तारने मान हलवली, हो की नाही ते त्यालाच माहीत, आणि बेहजादने त्याला खांद्याला धरून उठवलं. दार लागलं.

‘आता ओरडा,’ माहरुख म्हणाली. ‘कुणी नाही.’

‘तू आहेस.’

‘मी तुमची पोर आहे. पोरीशी कसला तआरुफ? ओरडा.’

मग डाव्या हाताकडे बघत त्यांनी तोंड उघडलं आणि घशातून असा आवाज आला की पलीकडच्या खोलीतली कुजबुज थांबली. ‘जळतंय गं! पोरी, जळतंय! भट्टीत घातलाय कुणी माझा हात!’ ते लहान मुलासारखे रडले. त्यांनी आईला हाका मारल्या, इस्मतला हाका मारल्या, आबादानला आणि आबादानच्या सगळ्या जावयांना शिव्या घातल्या. माहरुखही रडत होती आणि रडता रडता हसत होती, कारण डाव्या हाताची बोटं पाण्यात लाल व्हायला लागली होती, टोकापर्यंत.

पाणी निवलं तसं तिने गरम पाणी घातलं. कोपर बुडवून बघितलं. परत घातलं.

‘आणि उजवा?’ तिने विचारलं.

उस्तादांनी श्वास घेतला. डोळे पुसायला हात नव्हता, म्हणून तिने आपल्या बाहीने पुसले. त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. तो पाण्यात नुसता पडला होता, करडा, शेंदरी नाही की लाल नाही.

‘उजव्याला काही नाही,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढी सुटका होती. ‘खरंच सांगतो पोरी, तुझ्या बापाची शपथ. उजवा अगदी शांत आहे. काहीसुद्धा दुखत नाही.’

माहरुखने त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. ती खोटं शोधत होती. ओठांच्या कडेला, भुवईत, कुठेतरी ते ओळखीचं हसू असेल, पाहुण्यांसाठी ठेवलेलं, म्हणून शोधत होती. हे तरी खोटं असू दे, ती मनात म्हणाली, या अल्ला, एवढं एक तरी खोटं असू दे. पण ते खरं बोलत होते.

‘छान,’ ती म्हणाली आणि पातेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. ‘अजून थोडा वेळ ठेवू.’